चार नंबरमधली शून्यं

१

सकाळी सव्वासातला चांगली बातमी द्यायला कुणी फोन करत नाही. त्यामुळे फोन वाजला तेव्हाच मी कप खाली ठेवला.

"आत्या, लगेच ये," भाची म्हणाली. "चार नंबरमध्ये अळी निघालीय."

"किती?"

"सगळीकडे. पानं पोखरून जाळी झालीय."

"आणि तुझा कॅमेरा काय म्हणतो?"

"शून्य. आठ दिवस झाले, जवळजवळ शून्यच."

मी मुळातच काळजी करणारी बाई. तीस वर्षं कीड नियंत्रण खात्यात काढली, आणि निवृत्त झाल्यावर काळजी करायला फक्त ही एक भाची उरली. भाऊ-वहिनी गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती, तेव्हापासून माझ्याकडेच आहे. आता टोमॅटोच्या पाच पॉलिहाऊसमधले कॅमेरे सांभाळते. वर्षभराच्या बोलीवर घेतलं होतं, आणि याच महिन्याच्या अखेरीला तिला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं.

आकडा शून्य आणि झाडांवर अळी, याचा एकच अर्थ लोक काढणार होते: पोरीने कामात कुचराई केली, नाहीतर आकडे खोटे लावले. एकदा असं नाव झालं की पुन्हा कुठल्याही पॉलिहाऊसच्या दारात तिला कुणी उभं केलं नसतं. मी चपला कशा घातल्या ते मला आठवत नाही.

२

चार नंबरला जायचं तर आधी बाहेरची छोटी खोली लागते. तिथे हात धुवायचे, भिंतीवरचा पांढरा एप्रन चढवायचा आणि मगच आतलं दार उघडायचं. बाहेरची कीड आत जाऊ नये म्हणून हा सगळा सोपस्कार. भिंतीवर चार खुंट्या होत्या, त्यातली तिसरी मुळातून मोडलेली. भाचीच्या खुंटीवर एकावर एक असे दोन एप्रन लटकत होते.

"दोन एप्रन एका खुंटीवर?" मी खेकसले. काळजी वाटली की मी खेकसते. "शिस्त कुणी शिकवली की नाही तुम्हाला?"

"फवारणीवाल्या काकांची खुंटी महिनाभर मोडलीय गं. सुताराला सांगून सांगून थकले." भाचीचे डोळे लाल झाले होते. "आत चल ना आधी."

पाहुण्यांसाठीचा कोरा एप्रन चढवून मी आत गेले. छातीएवढी वाढलेली, फुलावर आलेली झाडं, आणि पान उलटावं तिथे पांढऱ्या वाकड्यातिकड्या वाटा. त्या वाटांच्या टोकाला हिरवट अळी. हिचा पतंग डासाएवढा, करड्या रंगाचा. तो दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो, म्हणून तर सापळा लावतात.

मधल्या ओळीत तो सापळा टांगलेला होता. तंबूसारख्या आकाराचा पांढरा डबा, तळाला चिकट कागद, छताला एक छोटी जाळी आणि जाळीत बोटाच्या पेराएवढी रबराची गोळी. या गोळीला मादी पतंगाचा वास असतो. आपल्या नाकाला काही कळत नाही, पण नर पतंग लांबून येतो आणि कागदाला चिकटतो. बाजूचा कॅमेरा दर तासाला कागदाचा फोटो काढतो आणि रोज सकाळी सहाला एकूण आकडा भाचीच्या संगणकावर जातो. तीन दिवसांत दहा झाले की फवारणी. त्याहून कमी असेल तर भाचीने सोमवारी सापळा तपासायला जायचं आणि एरवी आत पाय ठेवायचा नाही, असा इथला कायदा. उगाच फिरणाऱ्यांच्या कपड्यांवरूनही कीड पसरते.

"सोमवारी तू गोळी बघितली होतीस?"

"साडेआठला. कागद बदलला, गोळी जागेवर होती. हातमोजे घालून तपासली. तुझी शपथ."

मी चिमट्याने गोळी जाळीतून काढली आणि हातभर लांब धरून उभी राहिले. पाच मिनिटंही झाली नसतील, एक करडा पतंग भिरभिरत आला आणि थेट चिमट्यावर बसला. त्याच्या मागून दुसरा.

गोळी ठणठणीत होती. हाऊस पतंगांनी भरलं होतं. तरीही आठ दिवस कागद कोरा राहिला, कारण ते आठ दिवस गोळी सापळ्यात नव्हतीच. कुणीतरी ती काढून घेतली होती, आणि आज सकाळी सगळे गोंधळात असताना गुपचूप परत ठेवली होती.

३

"माझी यंत्रणा चुकत नाही," जावईबापू म्हणाले.

हे मालकीणबाईंचे जावई. कॅमेऱ्यांचं खूळ त्यांनीच आणलेलं. वय पस्तिशीचं, पण बोलणं असं की जगातली पहिली कीड त्यांनीच पकडली असावी.

"यंत्रणेने कोरा कागद बघितला आणि शून्य सांगितलं," मी म्हटलं. "ती खोटं बोलली नाही. कागद कोरा का होता ते सांगा."

"ते कॅमेरे सांभाळणाऱ्याने सांगायचं." त्यांनी माझ्या भाचीकडे पाहिलं.

मालकीणबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. कमी बोलणारी बाई, पण एकदा बोलली की विषय संपतो. "उद्या सकाळी दहा वाजता मी निर्णय घेणार," त्या भाचीला म्हणाल्या. "तुझी आत्या या कामातली आहे, तिला काय शोधायचं ते शोधू दे. दहापर्यंत काही निघालं नाही, तर तुझं सामान आवरून ठेव."

बाहेर आल्यावर भाची म्हणाली, "आत्या, मला खरंच काही सुचत नाहीये." मलाही सुचत नव्हतं, पण तसं सांगायची सोय नव्हती.

तिच्या टेबलावर बसून मी गेल्या पंधरवड्याचे फोटो एकेक करून बघितले. मागच्या मंगळवारी तीन दिवसांचा मिळून आकडा नऊ झाला होता. आणखी एक पतंग चिकटला असता की फवारणी ठरली असती. पण बुधवारपासून सहा दिवस ओळीने शून्य. या मंगळवारी एक. आज परत शून्य.

"हा एकुलता एक कधी सापडला?" मी विचारलं.

भाचीने तासातासाचे फोटो उलगडले. सोमवारी आठच्या फोटोत कागद कोरा. नऊच्या फोटोत एक पतंग.

"म्हणजे तू साडेआठला तपासायला गेलीस, तेव्हाच तेवढा वेळ गोळी आत होती," मी म्हटलं. "तू येण्याआधी कुणीतरी ती ठेवली आणि तू गेल्यावर पुन्हा काढली. तुझं वेळापत्रक त्याला तोंडपाठ आहे."

"ते सगळ्यांनाच पाठ आहे गं," ती रडवेली होऊन म्हणाली.

सगळे म्हणजे चौघं. चार नंबरला जायची परवानगी चौघांनाच होती. त्यातली एक माझी भाची, आणि तिचं नाव वगळायला माझ्याकडे प्रेमाशिवाय एकही कारण नव्हतं.

४

पहिला भुंगेवाला. टोमॅटोच्या फुलांवर बसण्यासाठी तो भुंग्यांच्या पेट्या आणून ठेवतो. अंगाने फाटका, तोंडाने फटकळ. अळी आज त्यानेच पहिल्यांदा पाहिली होती.

"फवारणी झाली असती तर तुझ्या भुंग्यांचं काय झालं असतं?" मी सरळच विचारलं.

"मेले असते. गेल्या वर्षी दोन पेट्या अशाच गेल्या, कुणी मला आधी सांगायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत." तो उसळला. "म्हणून मी गोळी चोरली म्हणता? बाई, मला लपवायचं असतं तर सकाळी बोंब कशाला मारली असती?"

बोंब मारणारा कधीकधी आपल्यावरचा संशय टाळायलाही बोंब मारतो, हे मी खात्यात असताना पाहिलं आहे. पण ते बोलले नाही.

"एक सांग. ती गोळी हाताळताना पोरगी हातमोजे का घालते?"

"का म्हणजे? हाताला वास लागतो. मग पतंग सापळा सोडून हातामागे." तो हसला. "माझ्या पेट्यांचंही तसंच आहे. आदल्या दिवशी अत्तर लावलं असलं तरी भुंगे माझा पिच्छा सोडत नाहीत."

दुसरे जावईबापू. आठवड्यातून दोनदा भिंगं पुसायला ते आत जातात.

"मालकीणबाई पुढच्या वर्षी आणखी दहा हाऊसना कॅमेरे घेणार आहेत, खरं ना? 'कॅमेरे लावले आणि फवारणी बंद झाली', हे सांगायला बरं पडलं असतं."

त्यांचा चेहरा पडला. "सांगायला बरं पडलं असतं," त्यांनी कबूल केलं. "पण आता काय सांगू? कॅमेरे असून हाऊस खाल्लं? मीच तोंडावर आपटलोय."

"हातमोज्यांचं काय?"

"माहितीपत्रकात पहिल्याच पानावर आहे. उघड्या हाताने धरली की वास कपड्यांना, दाराला, सगळीकडे पसरतो आणि आकडे चुकतात." हे त्यांनी पाठ केल्यासारखं म्हटलं.

तिसरे काका. फवारणीचं काम त्यांचं, आणि बावीस वर्षं त्यांचंच. राहायला पंपाच्या खोलीमागे मालकीणबाईंनीच दिलेली एक खोली. भाचीला ते 'ताई' म्हणतात आणि रोज सकाळी तिच्या टेबलापाशी येऊन "ताई, आज आकडा किती?" असं विचारतात. मी गेले तेव्हा ते पंपाची पितळी तोटी फडक्याने पुसत होते. बाहेर दोरीवर एक एप्रन वाळत घातला होता.

"काका, धुणं शनिवारचं ना तुमच्याकडे?"

"चहा सांडला हो अंगावर." त्यांनी माझ्यापुढेही चहा ठेवला. बशी किणकिणत होती. "वय झालं, दुसरं काय."

यांच्यावर संशय घ्यायला मला काही सापडेना. कीड वाढली तर यांना काम, कीड लपली तर यांचं काम जाणार. लपवून यांना काय मिळणार होतं?

"ताईवर बालंट येणार नाही ना?" त्यांनीच विचारलं.

"येणार. उद्या दहा वाजता तिला काढणार आहेत."

तोटी पुसणारा त्यांचा हात थांबला. "पण गोळी तर जागेवर होती ना? मग यंत्राचाच दोष नाही का?"

"गोळी चांगली आहे, म्हणून तर माणसाचा दोष." मी उठले. सवयीने तो प्रश्नही विचारला. "ती हातमोजे का घालते, ठाऊक आहे?"

"विष लागू नये म्हणून," काका म्हणाले. "मीही घालतो की फवारताना."

५

तिघांची तीन तोंडं आणि पुरावा शून्य. चारच्या सुमाराला भाची टेबलाचे खण आवरायला लागली. पेन्सिली, चष्म्याचं घर, माझा एक जुना फोटो. ते बघून माझं डोकं फिरलं.

"ठेव ते सगळं परत!" मी ओरडले. "आणि मला सांग, कोठीत जादा कॅमेरे आहेत का?"

"आहेत चार. का?"

"ज्याने गोळी काढली त्याने ती आठ दिवस कुठेतरी सांभाळली. सोमवारी परत ठेवायची होती, म्हणजे फेकून देता येत नव्हती. आणि चार नंबरमध्ये शिरायचं तर एप्रन घालावाच लागतो. तो वास आपल्या नाकाला येत नाही, पण आत हजारो पतंग आहेत. त्यांना येईल."

भाचीच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. "एप्रन सापळ्यासारखे टांगायचे?"

"चौघांचे. तुझासुद्धा."

तिने एकदम माझ्याकडे पाहिलं. "माझासुद्धा?"

"तुझा पहिला." मला ते म्हणताना फार वाईट वाटलं, पण तिचा सोडून इतरांचे टांगले असते तर उद्या मालकीणबाईंनी मला दारातूनच परत पाठवलं असतं.

चौघांनीही एप्रन मुकाट्याने दिले, काकांनी दोरीवरचा काढून दिला. हातमोजे घालून आम्ही ते चार नंबरच्या चार कोपऱ्यांत चार काठ्यांवर चढवले. प्रत्येकाच्या समोर एक चिकट कागद, पाठीमागे एक चिकट कागद, आणि दोन्ही कागद दिसतील असा एकेक कॅमेरा. हे पतंग सकाळी ऊन पडल्यावर वासाच्या मागे निघतात, तेव्हा सकाळपर्यंत वाट बघण्यावाचून इलाज नव्हता. घरी आल्यावर आम्ही दोघी एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोललो.

सकाळी साडेसातला आम्ही संगणकापुढे बसलो. सातचे फोटो सगळे कोरे. आठच्या फोटोंची वाट बघताना भाचीने माझा हात घट्ट धरला होता.

आठ वाजले. जावईबापू: शून्य. काका: शून्य. भुंगेवाला: एक.

चौथा फोटो उघडला. करड्या ठिपक्यांनी कागद भरला होता. मी मोजले, अकरा होते.

एप्रन तिचा होता.

६

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तिचाच संशय आला. ज्या पोरीच्या वेण्या मी घातल्या, तिच्याकडे मी चोरासारखं पाहिलं. तिला ते कळलं. ती म्हणाली, "आत्या, तूसुद्धा?" आणि उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी पुन्हा फोटोत डोकं खुपसलं. आणि तिथेच अडखळले.

"इकडे ये," मी म्हटलं. "हे अकरा कुठे आहेत बघ."

"दिसतायत ना, माझ्या एप्रनवर."

"समोरच्या कागदावर एक. पाठीमागच्या कागदावर दहा. तुझ्या एप्रनला खिसा कुठे आहे?"

"छातीवर. सगळ्यांच्याच एप्रनला छातीवर." ती हळूहळू परत आली.

"गोळी तू खिशात ठेवली असतीस तर पतंग पुढून आले असते. तुझ्या हाताला वास असता तरी बटणांपाशी, बाह्यांपाशी आले असते. आपण एप्रन पाठीवर हात नेऊन चोळत बसत नाही. तुझ्या पाठीला वास लागला तो बाहेरून. त्या पाठीला आणखी कुणाचा तरी खिसा टेकत होता."

"माझ्या खुंटीवर..." ती म्हणाली.

एप्रन मानेपाशी अडकवला की पाठ आपल्याकडे राहते. त्यावर दुसरा अडकवला की दुसऱ्याचा छातीवरचा खिसा पहिल्याच्या पाठीला घासतो, रोज सगळी रात्र. आणि ज्याची खुंटी मोडली होती, त्याचाच एप्रन काल शनिवार नसताना धुतला गेला होता. स्वतःचा धुतला, पण दुसऱ्याच्या पाठीला वास लागला असेल हे त्याच्या मनातही आलं नाही. त्याच्या लेखी हातमोजे विषासाठी असतात. भुंगेवाला आणि जावईबापू, दोघांनाही वास लागतो हे पक्कं माहीत होतं, त्यांनी गोळी उघड्या हाताने उचलून खिशात टाकली नसती. गोळीत विष नाही म्हणून ती बेधडक हातात घेणारा माणूस एकच होता, ज्याचं सगळं आयुष्य विष हाताळण्यात गेलं.

"पण का?" भाची म्हणाली. "काका का करतील? त्यांचं तर पोट फवारणीवर आहे!"

ते मलाही कळत नव्हतं. साडेआठ वाजले होते.

७

काका पंपाच्या खोलीत उंबऱ्यावर बसले होते. मी काही न बोलता शेजारी स्टूल ओढलं. भाची दारात उभी राहिली.

खोलीत पंप ठेवला होता, तोटी चकचकीत. शेजारी तोंडाला लावायचा मुखवटा आणि त्याची नवी गाळणी, कोऱ्या पाकिटात, तशीच सील केलेली. पाकिटावर भाचीच्या अक्षरात ती दिल्याची तारीख होती, दोन महिन्यांपूर्वीची. आणि भिंतीवरच्या फळ्यावर काकांच्या अक्षरात: दोन नंबर, फवारणी झाली. त्याची तारीख गेल्या महिन्यातली, आणि विष फवारायचं तर नवी गाळणी लावावीच लागते.

"काका," मी म्हटलं, "दोन नंबरला तुम्ही काय फवारलंत?"

ते आपल्या हाताकडे बघायला लागले. तो हात थरथरत होता आणि आता त्यांनी तो लपवलाही नाही.

"पाणी," ते म्हणाले.

भाची तोंडावर हात ठेवून खाली बसली.

"दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, औषधाला पुन्हा हात लावायचा नाही. रक्तात उतरलंय म्हणे. एकदा जरी जास्त झालं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "सांगितलं असतं तर पंप गेला असता. पंप गेला की खोली गेली. बावीस वर्षं इथे काढली हो, जाऊ कुठे? दोन नंबरला थोडीच कीड होती, पाण्यावर निभावलं. मग त्या मंगळवारी ताई म्हणाली, चार नंबरला नऊ झाले. उद्या दहा होणार आणि मला पाठवणार. माझे हातपाय गळाले. वाटलं, आठ दिवस आकडा थांबला तर जरा ताकद येईल, मग करू. पण ताकद कसली यायची?"

"आणि काल सकाळी?"

"भुंगेवाला ओरडला तसा मी आधी धावलो आणि गोळी ठेवली. ताईवर येऊ नये म्हणून ठेवली. गोळी जागेवर दिसली की लोक यंत्राला बोल लावतील असं वाटलं." त्यांनी पहिल्यांदा भाचीकडे पाहिलं. "तुझ्यावरच आलं की गं ताई. रात्रभर डोळा लागला नाही. येतच होतो सांगायला, पाय उचलत नव्हते."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही होता, खूप. माझ्या पोरीचा बळी जात होता आणि हा माणूस तोटी पुसत बसला होता. पण राग काढावा असं समोर काही उरलंच नव्हतं.

"चला," मी म्हटलं. "दहा वाजायला आलेत."

८

मालकीणबाईंच्या खोलीत काका उभं राहूनच बोलले. कुणी मध्ये तोंड घातलं नाही. जावईबापूंनी एकदा तोंड उघडलं, सासूबाईंनी बघितल्यावर मिटलं.

शेवटी मालकीणबाई भाचीला म्हणाल्या, "तुझं कायमचं पत्र आजच काढते. मी काल जे बोलले ते चुकीचं बोलले." एवढंच. भाचीला रडू फुटलं आणि मलाही. मी ते पदराने दाबलं.

"काकांची खोली..." मी सुरुवात केली.

"मी त्याबद्दल काही बोलले का?" त्या मला म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. "तुम्ही माझ्याशी बोलायला हवं होतं. दोन नंबरचं मला उद्या सविस्तर सांगायचं. खोलीला कुणी हात लावणार नाही." आणि लगेच सगळ्यांना उद्देशून, "आता चार नंबर. फवारणी आत्ताच व्हायला हवी, नाहीतर तीन आणि पाचही जातील. भुंगेवाले, पेट्या बंद करून बाहेर काढा."

भुंगेवाला कुरकुरत निघाला. आणि मग बावीस वर्षांच्या सवयीने आम्ही सगळे काकांकडे बघायला लागलो. मीसुद्धा. एवढं सगळं ऐकून झाल्यावरसुद्धा.

काका वळले आणि पंपाच्या खोलीकडे चालायला लागले. मी मागे धावले. त्यांनी पंपाच्या पट्ट्याला हात घातला होता.

"खाली ठेवा," मी म्हटलं.

"मग कोण करणार?"

मी दारात उभ्या असलेल्या जावईबापूंकडे पाहिलं. ते फोनकडे बघायला लागले. मी तीस वर्षं खुर्चीत बसून कागदावर 'तातडीने फवारणी करावी' असं लिहिलं आणि खाली सही केली. असे कागद हजार तरी निघाले असतील. ते कुणाच्या पाठीवर जाऊन पडतात हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"फवारणीचा सूट कुठे आहे तुमचा?" मी म्हटलं.

"आत्या, तुझी कंबर!" भाची ओरडली.

"कंबर माझी आहे. तू मुखवट्याला नवी गाळणी लाव."

पंप सोळा लिटरचा. भरून पाठीवर चढवला तेव्हा मी दोन पावलं मागेच गेले. चार नंबरचं दार मागे बंद झालं. मुखवट्यात माझाच श्वास मोठ्याने ऐकू येत होता. पहिली ओळ संपता संपता घामाने डोळे चुरचुरायला लागले, दुसरीत खांदा भरून आला, आणि अशा अठ्ठावीस ओळी होत्या.

तिसऱ्या ओळीत मान वर केली तर प्लॅस्टिकच्या पडद्यापलीकडे काका दिसले. माझ्या चालीने बाहेरून चालत होते. मी थांबले तसे तेही थांबले आणि हाताने खुणावायला लागले: वरून नाही, खालून. पानाच्या खालून.

मी तोटी वळवून पानाखाली धरली. त्यांनी मान हलवली आणि आम्ही पुढे निघालो.